नोरिंगेच्या भिंतीतली बाई

लग्न होऊन नोरिंगेला आल्यावर राग्नाने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती इथल्या चर्चला हसली.

बावीस वर्षांची होती ती. घोडागाडी वळणावर आली आणि मेंढ्यांच्या कुरणापलीकडे ते दिसलं. पूर्वेला उंचच उंच वेदीघर, पश्चिमेला त्याहून उंच मनोरा आणि दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेला, ठेंगणा, जाड भिंतींचा मधला भाग, जिथे माणसं बसतात.

"दोन गवताच्या गंज्यांमध्ये गाय बसावी तसं दिसतंय," ती म्हणाली.

तिचा नवरा याल्मार लगाम धरून समोर बघत राहिला. मागे बसलेली नणंद टेक्ला मात्र बोलली. "हुल्टेचे लोक असंच म्हणतात. त्यांच्या चर्चला कोणी हसत नाही, कारण तिकडे कोणी बघतच नाही."

राग्नाचं माहेर हुल्टे. दोन गावांमध्ये अंतर दीड कोसाचं आणि तेढ सहाशे वर्षांची. हुल्टेकरांनी नवं चर्च बांधलं तेव्हा नोरिंगेच्या लोकरवाल्या शेतकऱ्यांची झोप उडाली होती. त्यांनी ठरवलं की आपलं याहून मोठं व्हायला हवं. उपासना बंद पडू नये म्हणून गोटलांड बेटावर तेव्हा नवं चर्च जुन्याच्या भोवतीच वाढवत नेत. आधी पूर्वेचं वेदीघर, मग मनोरा, आणि सगळ्यात शेवटी जुना मधला भाग पाडून नवा उभा करायचा. नोरिंगेचं वेदीघर झालं, मनोरा झाला, आणि मग महामारी आली. तिच्या मागोमाग युद्ध आलं. मधला भाग पाडायला हात उरले नाहीत. त्यामुळे चार दिवसांपुरता ठेवलेला तो बुटका भाग तसाच राहिला. पुढे लूथरचा धर्म आला, मूर्ती खाली उतरल्या, भिंतींवर चुन्याचे थर चढले. ते सगळं त्याने वाकूनच पाहिलं.

याल्मार त्या चर्चचा राखणदार होता. घंटा वाजवणं, शेगडी पेटवणं, कबरी खणणं, फरशी झाडणं ही त्याची कामं. त्याचे वडीलही तेच करत. तो कमी बोलणारा माणूस होता. घंटेचा दोर हातात असला की चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते घरात कधी दिसलं नाही. अकरा वर्षांचा संसार झाला, मूल झालं नाही. १९३२च्या शरदात फुप्फुसाच्या तापाने तो गेला.

त्याला पुरायच्या दिवशी घंटा वाजवायला माणूस नव्हता, कारण वाजवणाराच पेटीत होता. राग्ना उठली, मनोऱ्याच्या कमानीखाली गेली आणि दोर हातात घेतला. त्यानंतर तिने तो सोडला नाही.

"हुल्टेची बाई आमची घंटा वाजवणार?" टेक्ला कबरस्तानाच्या फाटकातच म्हणाली.

"तुला यायचं असेल तर ये," राग्ना म्हणाली. "पहाटे पाचला शेगडीही पेटवायची असते."

टेक्ला आली नाही.

त्याच वर्षी नाताळच्या पहाटेच्या उपासनेला तो प्रकार झाला. आदल्या दिवसापासून शेगडी धगधगत होती. ओल्या लोकरीच्या कोटांतली दोनशे माणसं, शेकडो मेणबत्त्या, दोनशे तोंडांची वाफ, आणि बाहेरून गोठलेल्या त्या दगडी भिंती. भिंतींना घाम फुटला. उत्तरेच्या भिंतीवरचा चुना भिजून पारदर्शक झाला, आणि भिजल्या पाकिटातून आतल्या पत्राची अक्षरं दिसावीत तशी आतून एक बाई वर आली. लाल झगा. छातीशी जुळलेले हात. तोंडाच्या जागी एक फिकट गोल आणि त्यात दोन काळे ठिपके. ते ठिपके कमानीकडे बघत होते. दोराकडे. राग्नाकडे.

बाकीच्यांची तोंडं वेदीकडे होती. उत्तरेकडच्या बाकांवर बायका बसत, पण त्या भिंतीला इतक्या चिकटून होत्या की त्यांना चुना सोडून काही दिसणं शक्य नव्हतं. त्या बाईच्या बरोब्बर खाली, तिसऱ्या बाकावर, टेक्ला स्तोत्र म्हणत होती. फक्त घंटेच्या जागेवरून, तिरक्या नजरेलाच ते दिसत होतं. उपासना संपली, दारं उघडली, भिंत सुकली आणि बाई परत चुन्याआड गेली.

राग्नाने कोणालाही सांगितलं नाही. नोरिंगेतली प्रत्येक वस्तू तिच्या आधी कोणाची तरी होती. कपाटं सासूची, गोधड्या आजेसासूच्या, अंगणातलं सफरचंदाचं झाड टेक्लाच्या बारशाचं. नवरासुद्धा आधी टेक्लाचा भाऊ होता. ही एक बाई तेवढी कोणाची नव्हती.

ती तिची प्रार्थना वगैरे करत नसे. संतांपुढे हात जोडायला लूथरच्या माणसांना मनाई आहे, आणि राग्ना नियमाची पक्की होती. फक्त शनिवारी दार उघडून आत शिरताना त्या भिंतीकडे न बघता म्हणायची, "आले गं." सत्तेचाळीस साली आतून नवा चुना द्यायचं ठरलं, तेव्हा तिने पास्टर माल्मरूस यांना पटवलं की उत्तरेच्या भिंतीला मुळीच गरज नाही, तिथे धूर लागतच नाही. शेगडी त्याच भिंतीला लागून होती आणि भिंत भट्टीसारखी काळवंडली होती. पास्टरांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा राग्नाकडे पाहिलं आणि ते हो म्हणाले.

असे सव्वीस नाताळ गेले.

मग इल्वा आली, आणि तीही हुल्टेमुळेच. हुल्टेच्या चर्चमध्ये चुन्याखाली एक देवदूत सापडला होता, पंखांसकट. नोरिंगेत कित्येक दिवस कोणाला जेवण गोड लागेना. शेवटी राजधानीला पत्र गेलं आणि १९५८च्या सप्टेंबरात जुनी भित्तिचित्रं उकलणारी ही बाई बोटीतून उतरली. तिशीची, कापलेल्या केसांची, पुरुषी विजार घातलेली, कानामागे पेन्सिल. ती टेक्लाकडे उतरली. रोज सकाळी राग्नाने तिला दार उघडून द्यायचं.

इल्वा भिंतीला बोटांची पेरं टेकवून ठोकायची आणि कान लावून ऐकायची, वैद्याने रोग्याच्या पाठीला लावावा तसा. राग्ना मागे झाडू घेऊन उभी राही. आपण कधी त्या भिंतीला हातसुद्धा लावला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. ही बाई तर सरळ गाल टेकवत होती.

गाव इल्वाभोवती गोळा झालं. कोणी अंडी आणली, कोणी धुरावलेलं मटण. सव्वीस वर्षं शेगडी पेटवणाऱ्या बाईला कोणी कधी विचारलं नव्हतं की बाई, थंडी वाजते का. इल्वासाठी मात्र तीन घरांतून लोकरी मोजे आले.

पण सापडत काही नव्हतं. हातोडी आणि पात्याने इल्वाने काडेपेटीएवढ्या अकरा खिडक्या उघडल्या, काही वेदीघरात, बाकीच्या दक्षिणेच्या भिंतीत. आत नुसता राखी गिलावा. संध्याकाळी खाली पडलेला चुना झाडताना राग्ना गुणगुणायची.

उत्तरेच्या भिंतीला इल्वाने हात लावला नाही, कारण जुन्या चर्चवहीत १८४१ साली लिहिलेलं होतं की स्त्रियांच्या बाजूच्या भिंतीचा गिलावा पाडून नवा केला. स्त्रियांची बाजू म्हणजे उत्तर, हे बेटावरच्या पोरालाही ठाऊक. तिथे जुनं काही उरलेलंच नाही, असं इल्वाने धरून टाकलं. वही चुकते आहे हे राग्नाला माहीत होतं. कशी चुकते ते माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती.

"राग्नाबाई," इल्वाने एकदा थेटच विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. कधी काही दिसलं? डाग, रेघ, एखादा रंग?"

"भिंतीत भिंत असते," राग्ना म्हणाली.

ऑक्टोबर उजाडला. पाणी गोठायला लागलं की ओला गिलावा फुटतो, त्यामुळे इल्वाला शनिवारी निघायचं होतं. गुरुवारी दुपारी टेक्लाने निरोपाची कॉफी ठेवली. सात तऱ्हेची बिस्किटं, केशर घातलेला भाताचा केक, त्यावर निळ्या रानफळांचा मुरंबा. शेजारच्या चारपाच बायका आल्या होत्या. राग्नाला बोलावणं होतं, पण किटली तिच्याच हातात आली.

"यंदा थंडी लवकर पडणार," कोणीतरी म्हणालं. "शेगडीजवळची जागा धरायला हवी."

"ती जागा आमच्या आजीने मिळवलीय, फुकट नाही आली," टेक्ला खुलली. "तुला ठाऊक आहे का इल्वा, पूर्वी नोरिंगेत बायका दक्षिणेला बसायच्या आणि बाप्ये उत्तरेला."

"असं कसं? सगळीकडे तर उलट असतं."

"हुल्टेत उलट होतं ना! म्हणून आमच्यात सुलट. मग शेगडी आली, माझी आई तेव्हा पाळण्यात होती. बाप्यांनी काय केलं, शेगडी बसवली आपल्या बाजूला. पुढच्या रविवारी सगळ्या बायका तासभर आधी गेल्या, तान्ही पोरं घेऊन उत्तरेला बसल्या, आणि उठल्याच नाहीत! पास्टर म्हणाला, उठा. आजी म्हणाली, पोर पितंय." टेक्ला हसून हसून लाल झाली. "तेव्हापासून उत्तर आमची."

इल्वाने कप खाली ठेवला. "म्हणजे १८४१ साली स्त्रियांची बाजू दक्षिण होती?"

"तर! शेगडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली."

"मग नवा गिलावा दक्षिणेला आहे. अरे देवा. मी तीन आठवडे चुकीच्या भिंतीत उकरतेय." इल्वा उठून उभी राहिली, टेक्लाचे दोन्ही हात तिने धरले. "उद्या सकाळी उत्तरेची भिंत. टेक्लाबाई, काही सापडलं तर ते तुमच्यामुळे. मी अहवालात तुमचं नाव लिहीन."

राग्नाने किटली तशीच, खाली काही न घालता, टेक्लाच्या भरतकामाच्या कापडावर ठेवली आणि ती बाहेर पडली.

रस्ताभर तिच्या डोक्यात एकच शब्द वाजत होता. तुमच्यामुळे. तिसऱ्या बाकावर, बाईच्या पायाशी बसून जिने आयुष्यात एकदा मान वर केली नाही, तिच्यामुळे.

तिने कबरस्तानातल्या विहिरीतून बादली भरली, चुना द्यायचा रुंद कुंचला घेतला, इल्वाची शिडी ओढत उत्तरेच्या भिंतीला लावली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या भिंतीला हात लावला. मग कुंचला बुडवला. पाणी काजळी घेऊन ओघळलं, तिच्या बाहीत शिरलं. एकदा, दोनदा, तीनदा. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. चुना विरघळल्यासारखा मागे सरला आणि लाल रंग वर यायला लागला.

"थांबा! पाणी थांबवा!" इल्वा धावत आत आली. तिच्या मागे टेक्ला, धापा टाकत. आणि मग इल्वाने तोंडावर हात ठेवला.

शिडीवरून, वळून न पाहता, राग्ना म्हणाली, "हिला मी ओळखते. सव्वीस वर्षं. प्रत्येक नाताळला मी हिला पाहिलंय. लिहायचं तर हे लिहा."

पाणी ठिबकत होतं.

"सव्वीसच?" टेक्ला सावकाश म्हणाली. "याल्मार दहा वर्षांचा होता. नाताळला बाबांबरोबर दोरापाशी उभा राहायचा. घरी आला आणि मला म्हणाला, भिंतीत एक लाल बाई आहे. मी म्हटलं, नाक पूस आधी."

राग्ना शिडीवरून उतरली. "मला तो कधी बोलला नाही."

"नसेल बोलला."

"अकरा वर्षं, टेक्ला."

टेक्लाच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती. "तुला सांगितलं असतं, वहिनी, तर तू ती तुझी केली असतीस."

थंडी त्या वर्षी लांबली. इल्वा आणखी तीन आठवडे राहिली आणि पात्याने एकेक कपचा काढत गेली. काजळी पुसायला ती ताज्या पावाचा गर वापरायची, त्यामुळे गावातल्या बायका राईचे पाव भाजून आणत आणि कोणाच्या पावाने भिंत जास्त उजळली यावरून भांडत. राग्नानेही पाव आणला. इल्वाने तो वापरला की टेक्लाचा, हे बघायला ती दोनदा आत येऊन गेली.

पण तिचं चित्त पावात नव्हतं. आता तिला हेवा वाटत होता तो मेलेल्या माणसाचा. अकरा नाताळ ती बायको म्हणून बायकांच्या बाकावर बसली होती आणि तो मागे दोरापाशी उभा होता. तिला वाटायचं, तो आपल्याकडे बघतोय. एकदा तिने मान वळवून हसून पाहिलं होतं आणि तोही हसला होता. ते हसू कोणासाठी होतं, हे आता कोणाला विचारायचं?

आणि भिंतीतून जे निघत होतं, तेही भलतंच होतं. आधी हात मोकळे झाले. ते प्रार्थनेला जुळलेले नव्हते, त्यांत घुसळणीचा दांडा होता. मग खाली लोण्याची उभी बरणी निघाली, काठोकाठ भरलेली. मग पाठीशी एक खूर, एक शेपूट, आणि दांड्याला हात लावून घुसळायला मदत करणारा दात विचकता सैतान. पायाशी एक ससा बरणीत दूध ओकत होता. त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही. दुसऱ्यांच्या गोठ्यातलं दूध चोरायला जादूचे ससे पाठवणाऱ्या बायकांच्या गोष्टी नोरिंगेच्या प्रत्येक घरात होत्या.

"वहिनी," टेक्ला भर दुपारी, सगळ्यांदेखत म्हणाली, "सव्वीस वर्षं कुणाची भेट घेत होतीस गं? दूधचोरणीची?"

लोक पोट धरून हसले. राग्ना झाडू घेऊन घंटेखाली गेली.

चेहरा इल्वाने शेवटी ठेवला होता. तो उजळला त्या सकाळी तिने राग्नाला हाक मारली. "बघा. चित्रकार गावठी होता, पण डोळे काय काढलेत."

डाव्या बाजूला, कमानीच्या दिशेने, आणखी एक बाई निघाली होती. मळकी, बारकी, हाडं निघालेल्या गाईपाशी बसलेली. तिच्या बादलीत तळाशी चार बोटं दूध. आणि लाल झग्यातली बाई, बरणी उतू जात असताना, सैतान दिमतीला असताना, त्या चार बोटं दुधाकडे बघत होती. कमानीकडे नाही. तिची नजर वाटेतच संपत होती.

"दुःखी दिसते नाही?" इल्वा म्हणाली.

"दुःखी नाही," राग्ना म्हणाली. "तिला तेही हवंय."

पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिथेच, त्या भिंतीखाली, गावाची सभा भरली. पास्टर माल्मरूस घसा खाकरत म्हणाले की हुल्टेला देवदूत निघाला आणि आपल्याला हे. ठेवायचं की पुन्हा चुना द्यायचा, ते गावाने ठरवावं. इल्वाने सांगितलं की पातळ चुना दिला तरी चित्राला इजा नाही, पण तिचं मत विचाराल तर ठेवा.

"चुना द्या," टेक्ला म्हणाली. "सैतानाचा खूर बरोब्बर माझ्या टोपीवर येतो. मी स्तोत्र म्हणू की टोपी सांभाळू?"

प्रत्येक घराचा एक हात. चुना द्या म्हणणारे सोळा. राहू द्या म्हणणारेही सोळा. पास्टरांनी पुन्हा मोजलं आणि मग कमानीकडे पाहिलं. "राग्नाबाई, तुमच्या घराचा हात वर आला नाही."

सगळ्या माना वळल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नोरिंगे तिच्याकडे बघत होतं.

राग्नाला कळत होतं की आता एका हातात सगळं परत मिळण्यासारखं आहे. चुना चढेल. लोक वर्षभरात विसरतील. नाताळच्या पहाटे भिंत घामेजेल, आणि बाई फक्त घंटेच्या जागेवरून दिसेल, फक्त तिला. लहानपणी टेक्लाने उडवून लावल्यावर याल्मारने ठेवली होती तशी, पुन्हा कोणालाही न सांगता, अगदी बायकोलासुद्धा. त्याने ती जन्मभर एकट्याने बाळगली आणि तशीच घेऊन गेला. ते बाळगणं किती गोड असतं हे राग्नाला पक्कं ठाऊक होतं. त्या गोडीत दुसऱ्याला जागा नसते, हेही तिला आता ठाऊक झालं होतं.

आणि समोर टेक्लाचा हात अजून वरच होता.

"राहू दे," राग्ना म्हणाली.

"का?" टेक्ला ओरडली. "तुझीच तर अब्रू जातेय!"

"कारण चुना द्या असं तू म्हणतेस."

सभेत हशा पिकला. लोकांना वाटलं, राग्नाबाई पहिल्यांदाच विनोद करतेय. पास्टरही हसले आणि त्यांनी वहीत लिहून टाकलं. टेक्लाने हात खाली घेतला, टोपी सरळ केली.

"मग मी बसू कुठे?"

"आहेस तिथेच. वर बघू नकोस म्हणजे झालं. नाहीतरी कधी बघत नव्हतीस."

माणसं भिंतीखाली गोळा झाली. कोणी पोराला खांद्यावर घेऊन ससा दाखवत होतं. पुढच्या रविवारी हुल्टेची मंडळी बघायला येणार, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते ऐकून सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. इल्वा तिची पाती गुंडाळत होती.

राग्ना कमानीखाली एकटी उभी होती. ती एक पाऊल डावीकडे सरकली. मग दोन पावलं पुढे. मान थोडी खाली घालून पाहिली, टाचा उंचावून पाहिल्या. कुठेही उभं राहिलं तरी ती नजर तिच्यापर्यंत पोचत नव्हती. त्या मळक्या बाईच्या बादलीत जाऊन पडत होती. राग्नाला त्या चार बोटं दुधाचा मनापासून हेवा वाटला.